दलित समाज, मानवी हक्क आणि सामाजिक न्याय यांवर संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए., एम.एस.डब्ल्यू. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी दरवर्षी साधारण हेच प्रश्न पाठवतात, बहुतेक वेळा सिनॉप्सिस द्यायच्या आदल्या रात्री. म्हणून ते एकदाचे इथे लिहून ठेवले आहेत. उत्तरं महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रबंधात 'दलित' लिहू की 'अनुसूचित जाती'? गाईड म्हणतात 'दलित' शब्दावर बंदी आहे.

प्रबंधाला तशी बंदी नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं सरकारी व्यवहारात 'अनुसूचित जाती' हाच शब्द वापरावा असं कळवलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना तशी सूचना दिली. संशोधनाची भाषा यात येत नाही.

पण हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, हे आधी लक्षात घ्या. 'अनुसूचित जाती' ही कायद्यातली यादी आहे. घटनेच्या कलम ३४१ खाली राष्ट्रपतींच्या आदेशानं ती ठरते आणि महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत. 'दलित' हा चळवळीतून आलेला शब्द. १९७२ साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं आपल्या जाहीरनाम्यात त्यात आदिवासी, कामगार, भूमिहीन शेतमजूर आणि स्त्रियाही धरल्या होत्या. तुम्ही कोणत्या अर्थानं वापरता ते पहिल्या प्रकरणात एका परिच्छेदात सांगा आणि पुढे तोच अर्थ ठेवा. आकडेवारीच्या तक्त्यावर 'दलित' लिहून आत जनगणनेची अनुसूचित जातींची संख्या टाकणं ही नेहमीची चूक आहे.

जुन्या काळाबद्दल लिहिताना त्या काळाचे शब्द ठेवायला हरकत नाही: 'अस्पृश्य', 'बहिष्कृत', 'डिप्रेस्ड क्लासेस'. 'हरिजन' मात्र फक्त अवतरणात. आणि मुलाखत देणारा स्वतःला 'बौद्ध' म्हणत असेल तर त्याच्या तोंडी 'दलित' घालू नका. महाराष्ट्रात अनेक घरांना तो शब्द आता नको आहे.

२. महाराष्ट्रात दलितांची लोकसंख्या नेमकी किती धरायची? बौद्ध त्यात येतात का?

२०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जाती सुमारे २०.१४ कोटी, म्हणजे १६.६ टक्के. महाराष्ट्रात सुमारे १.३३ कोटी, ११.८ टक्के. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५.३ लाख. देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीनहून अधिक इथे राहतात.

या दोन संख्यांची बेरीज करू नका. एकच माणूस दोन्हीकडे मोजलेला असू शकतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर कित्येक वर्षं केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा नव्हती, ती १९९० च्या दुरुस्तीनं मिळाली. महाराष्ट्र राज्यानं आपल्यापुरत्या सवलती १९६० पासूनच सुरू केल्या होत्या. आजही प्रगणकाला जातीच्या जागी फक्त 'बौद्ध' असं सांगणारं कुटुंब अनुसूचित जातीत मोजलं जात नाही, कारण त्या नावाची जात यादीत नाही. म्हणजे १.३३ कोटी हा आकडा जाणीवपूर्वक जात सोडलेल्या लोकांना वगळून आलेला आहे. जात टाकली म्हणून संख्येतूनही गेले! तळटीपेत हे लिहा, परीक्षक नक्की विचारतात.

३. धर्मांतरित ख्रिस्ती कुटुंबं माझ्या नमुन्यात घेऊ का? आणि आंतरजातीय लग्नातल्या मुलांचं काय?

अनुसूचित जाती ठरवणाऱ्या राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात मुख्यतः हिंदूच होते. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. त्यामुळे अनुसूचित जातींना मिळणारं कायद्याचं संरक्षण त्यांना मिळत नाही, मग गावात त्यांना वागवण्याची रीत तीच का असेना. तुमचा विषय कायद्याची अंमलबजावणी असेल तर ती कुटुंबं वेगळ्या गटात ठेवा. विषय जातीचा अनुभव असेल तर मुळीच गाळू नका.

आंतरजातीय लग्नातल्या मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं की बापाची जात आपोआप मुलाला लागते असं नाही. मूल कसं वाढलं, त्याला काय सोसावं लागलं, हे पुराव्यानं पाहावं. प्रश्नावलीत 'वडिलांची जात' एवढाच रकाना ठेवला असेल तर तो बदला.

४. नागरी हक्क संरक्षण कायदा आणि ॲट्रॉसिटी कायदा, फरक काय?

पहिला १९५५ चा. घटनेच्या कलम १७ नं अस्पृश्यता संपवली, तिची अंमलबजावणी म्हणजे हा कायदा. देऊळ, विहीर, दुकान, हॉटेल इथे मज्जाव केला तर गुन्हा. सुरुवातीचं नाव अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९७६ मध्ये बदललं.

दुसरा, म्हणजे अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ चा, ३० जानेवारी १९९० पासून लागू. यात हिंसा, बहिष्कार, जमीन बळकावणं, जातीवरून जाहीर अपमान असे गुन्हे येतात. १९९५ च्या नियमांनुसार तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, पीडितांना अर्थसाहाय्य द्यायचं (२०१६ च्या सुधारणेनंतर गुन्ह्यानुसार ८५ हजार ते सव्वाआठ लाख रुपये) आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीनं दर तिमाहीला आढावा घ्यायचा. प्रबंधासाठी ही समिती फार उपयोगी आहे. का, ते प्रश्न ६ मध्ये.

५. 'बहुतेक ॲट्रॉसिटी केसेस खोट्या असतात' असं सगळे म्हणतात. आकडे काय सांगतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात अनुसूचित जातींवरचे गुन्हे २०२१ मध्ये ५०,९०० होते आणि २०२२ मध्ये ५७,५८२. ही नोंदींची संख्या आहे, घटनांची नव्हे. नोंदी वाढल्या तर अत्याचार वाढले असतील, किंवा लोक पोलीस ठाण्यापर्यंत पोचू लागले असतील, किंवा कायद्यात नवे गुन्हे आले असतील. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तेव्हा गुन्ह्यांची यादीच लांबली. पुढे २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं गुन्हा नोंदवण्याआधी चौकशीची वाट ठेवली आणि त्याच वर्षी संसदेनं कलम १८-अ घालून ती बंद केली. २०१५ ते २०१९ असा सरळ आलेख काढणाऱ्यानं निदान या दोन जागी खूण करावी.

आता 'खोट्या'बद्दल. महाराष्ट्रात पोलीस प्रकरण बंद करताना न्यायालयाकडे अहवाल पाठवतात, त्याला समरी म्हणतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही. 'ब' म्हणजे तक्रार खोटी, द्वेषानं केलेली. 'क' म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही: गैरसमज किंवा दिवाणी वाद. चर्चेत या तिन्हींची मोट बांधून 'इतक्या टक्के खोट्या' असं म्हटलं जातं. वर त्यात सुटलेले आरोपीही मिळवले जातात. साक्षीदार फिरला आणि आरोपी सुटला, याचा अर्थ तक्रार खोटी होती असा होत नाही. गावात ज्याच्या शेतावर मजुरीला जायचं त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची असते, हेही विसरू नका.

दोषसिद्धीचं प्रमाण काढताना भाजक कोणता घेतलात ते लिहा. त्या वर्षी निकाल लागलेले खटले घ्यायचे, नोंदवलेले नव्हेत. आणि एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर अहवालात सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो, हेही सांगा.

एक उदाहरण जवळून पाहा. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठार केलं गेलं. सत्र न्यायालयानं २००८ मध्ये खुनासाठी शिक्षा दिल्या, पण ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं सिद्ध झाली नाहीत असं म्हटलं. २०१० मध्ये उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांचा कारावास दिला. आरोपींना शिक्षा झाली, तरी ॲट्रॉसिटीच्या दोषसिद्धीत हे प्रकरण जमा होत नाही. नुसत्या तक्त्यांवर लिहिलेला प्रबंध इथे फसतो. दहा निकालपत्रं मुळातून वाचा.

६. माहिती अधिकारात अर्ज केला, तर 'तपास सुरू आहे' म्हणून फेटाळला. आता?

एखाद्या प्रकरणाची कागदपत्रं मागितली असतील, म्हणून कलम ८(१)(एच) लावलं. प्रकरण मागू नका, कारभार मागा. जिल्हा दक्षता समितीच्या गेल्या पाच वर्षांत किती बैठका झाल्या, त्यांच्या तारखा, इतिवृत्तं, किती पीडितांना अर्थसाहाय्याचा पहिला हप्ता मिळाला आणि गुन्हा नोंदल्यापासून किती दिवसांनी. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. वर्षाला चार बैठका व्हायला हव्यात. दोनच झाल्या असतील तर तुमचं एक अख्खं उपप्रकरण तयार झालं, तेही कुणा पीडिताच्या दारात न जाता.

७. प्रश्नावलीत अस्पृश्यतेबद्दल विचारलं की सगळे 'आता तसं काही राहिलं नाही' म्हणतात. मग निष्कर्ष तसाच लिहू?

नका लिहू. तुमचा प्रश्न चुकलाय.

ही चूक मीही केली आहे. एका गावात दिवसभर 'तुमच्या गावात अस्पृश्यता पाळली जाते का?' असं विचारत फिरले. संध्याकाळी फाइलमध्ये सगळे 'नाही'. एसटीपर्यंत सोडायला वस्तीतले एक आजोबा आले. वाटेत स्मशानभूमी लागली. सिमेंटचा रस्ता, पत्र्याचं शेड, बसायला बाकं. थोडं पुढे ओढ्याच्या कडेला नुसती जागा, चार दगड. आजोबा म्हणाले, "ही आमची. पावसात टायर घेऊन यावं लागतं, लाकडं पेटत नाहीत." मी विचारलं, मग सकाळी 'नाही' का म्हणालात? तर म्हणाले, "ताई, तुम्ही पाळतात का ते विचारलंत. हे कुणी पाळत नाही. हे गावाचं आहे."

तेव्हापासून मी मत विचारत नाही, घडलेलं विचारते. मयत झालं तर कुठे नेता? गेल्या वर्षी सवर्णांच्या कुठल्या लग्नाला बोलावणं होतं, आणि पंगतीत कुठे बसलात? सरपंचाच्या घरी गेलात तर ओट्यावर की आत? पाण्याची टाकी कुणाच्या आळीत आहे? नाभिक कुणाच्या घरी जातो?

आणि दुसरी गोष्ट, जी विद्यार्थी हमखास विसरतात: हे प्रश्न फक्त वस्तीत का विचारता? अस्पृश्यता पाळतो तो दुसरीकडे राहतो. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणानं सर्व जातींच्या कुटुंबांना थेट विचारलं, तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? जे नाही म्हणाले त्यांना पुढचा प्रश्न: अनुसूचित जातीची व्यक्ती स्वयंपाकघरात आली, तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांनी पाळत असल्याचं कबूल केलं. पीडिताची शंभर घरं घेत असाल तर गावठाणातली पन्नास तरी घ्या. तिथे दार उघडायला वेळ लागतो, चहा मात्र पटकन येतो.

शहरातही हेच करता येतं. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांच्या २००७ साली छापून आलेल्या प्रयोगात सारख्या पात्रतेचे अर्ज खाजगी कंपन्यांना पाठवले होते. फरक होता तो आडनावांचा. दलित आडनावांना बोलावणी कमी आली. एकाही दलिताची मुलाखत न घेता भेदभाव मोजला गेला.

८. मी दलित नाही. या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार आहे का?

आहे, पण हा प्रश्न हवेतून आलेला नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये सामाजिक शास्त्रांतल्या विभागणीवर बोट ठेवलं होतं: सिद्धांत मांडणारे एकीकडे आणि नुसती माहिती पुरवणारे दुसरीकडे, म्हणजे तिथेही वर्णव्यवस्थाच. तुम्ही वस्तीतून अनुभव उचलून शहरात त्यावर सिद्धांत बांधणार असाल तर हा आरोप तुम्हालाही लागू होतो.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी एक मोकळी वाट आहे. स्वतःच्या जातीचा अभ्यास करा. तुमच्या आजोळी पंगत कशी बसायची, आजी कुणाला वरून पाणी ओतायची, वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्ममध्ये काय विचारतात. हे दार दलित संशोधकाला सहजी उघडत नाही, तुम्हाला उघडतं.

९. आणि मी त्याच समाजातला असेन तर? 'पक्षपात होईल' असं समितीत सुनावलं.

पाटील घराण्यातला विद्यार्थी सहकारी साखर कारखान्यांवर लिहितो तेव्हा हे कुणी सुनावतं का? डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीच्या उगमावर निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, रीतसर पद्धतीशास्त्रासह. तुम्हीही तेच करा. नमुना कसा निवडला, कोण नातेवाईक लागतो, कोणत्या संघटनेत तुम्ही होता, हे लिहून टाका. सांगितलेली जवळीक अडचणीची ठरत नाही.

एक खरी अडचण आहे ती वेगळीच: आपल्याच वस्तीत लोक तुम्हाला 'तुला तर माहीतच आहे' म्हणून निम्मं सांगत नाहीत. तरीही विचारा. टेपवर यायला हवं.

१०. जुनी कागदपत्रं कुठे मिळतील?

सुरुवात घरबसल्या होते. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे लेखन-भाषणांचे खंड, त्यातले सुरुवातीचे वसंत मून यांनी संपादित केलेले. मग मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, पुण्यातलं पेशवे दप्तर, आणि पुण्यातलीच बार्टी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था.

वृत्तपत्रं हा खरा खजिना. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघालं, 'बहिष्कृत भारत' एप्रिल १९२७ मध्ये, 'जनता' १९३० मध्ये. एक सापळा मात्र आहे. 'मूकनायक'मधला प्रत्येक बिननावाचा मजकूर बाबासाहेबांचा धरू नका. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं होतं आणि १९२० च्या मध्यात बाबासाहेब लंडनला गेले. नंतरचे अंक दुसऱ्यांच्या हातचे आहेत. त्याहीआधीचं हवं असेल तर फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीचा, १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेला निबंध काढा.

११. सातबाऱ्यावर 'महार वतन' दिसतं. याचा माझ्या विषयाशी काय संबंध?

जमिनीवर लिहिणार असाल तर संबंध मोठा आहे. येसकर, तराळ म्हणून गावकी करणाऱ्या महारांनी गावाची वेठ करायची, त्याबदल्यात बलुतं आणि हाडोळ्याची जमीन, ही वतनाची रचना. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल आणलं होतं. कनिष्ठ गाववतनं १९५८ च्या कायद्यानं गेली, आणि जमिनी वतनदारांना परत दिल्या त्या नव्या शर्तीवर, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा.

आता सातबारा हातात घ्या. वर 'भोगवटादार वर्ग २' असेल. 'इतर हक्क'च्या रकान्यात वतनाचा किंवा शर्तीचा शेरा. कबजेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक असतो, तो काढा आणि तलाठ्याकडे मागे मागे जा. नावं कुठल्या साली बदलली, परवानगी घेतली का, किंमत किती लिहिली आहे, हे फेरफारांत सापडतं. शहरालगतच्या गावांत ही साखळी फार बोलकी असते. गायरानाचा प्रश्न वेगळा. त्यात अतिक्रमणं नियमित करण्याचा १९९१ चा शासन निर्णय आणि त्यातली १४ एप्रिल १९९० ही मुदत बघा.

१२. दलित स्त्रियांवर वेगळं प्रकरण पुरेसं आहे का?

पुरेसं नाही. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये आणि त्याला उत्तर देताना शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीचा अनुभव वेगळा कसा, ही चर्चा कधीच पुढे नेली आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती छापल्या नसत्या तर चळवळीचा इतिहास भाषणं करणाऱ्या पुरुषांपुरता उरला असता. मुलाखतीला घरी गेलात की पुरुष बोलतो आणि बाई दारात उभी राहते. दुसऱ्यांदा जा, रोजगाराची सुटी असेल त्या दिवशी.

१३. महार-बौद्ध समाजावर पुष्कळ लिहिलंय, मातंग, चर्मकार, ढोर, होलार यांच्यावर फारच कमी. तुलना केली तर 'फूट पाडतो' म्हणतील?

म्हणतील. तरी करा. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं सहा विरुद्ध एक मतानं अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण राज्यांना करता येतं असा निकाल दिला आणि २००४ चा उलट निकाल मोडीत काढला. असं वर्गीकरण आकडेवारीवर उभं राहायला हवं. अनुसूचित जातींची जातवार मोजणी जनगणनेत दर वेळी होते, ती वापरा. बाजू घ्यायची की नाही ते नंतर.

१४. जात म्हणजे वंश नव्हे, मग आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांच्या चौकटीत ती बसते कशी?

वांशिक भेदभावाविरुद्धच्या करारात वंश, वर्ण यांबरोबर 'कुळ' किंवा जन्मपरंपरा हा शब्द आहे. त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं २००२ च्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत जातीवर आधारित भेदभाव त्यात येतो असं म्हटलं. भारत सरकारची भूमिका जात त्यात येत नाही अशी आहे. २००१ च्या डर्बन परिषदेतही वाद हाच होता. दोन्ही बाजू मांडा, पण सगळा प्रबंध यात घालवू नका.

१५. मुलाखत देणाऱ्यांची नावं, गावाचं नाव लिहायचं का?

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, तिथे विषय संपला. इतर ठिकाणी लोकांनाच विचारा. काहींना नाव छापून यायला हवं असतं आणि 'उत्तरदाता क्रमांक ७' म्हणणं त्यांना अपमानाचं वाटतं. पण नाव बदलून गाव, आडनाव आणि साल तेच ठेवलं तर काही लपत नाही. वस्तीच्या नावाचंही बघा. राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं, तेव्हा कागदावर आता 'समतानगर' असेल. लोक तोंडानं काय म्हणतात आणि कोण काय म्हणतं, तेवढं टिपून ठेवा.

१६. काम झाल्यावर वस्तीला काय परत द्यायचं?

त्यांना काय हवंय ते. एका वस्तीत मी प्रबंधाची प्रत घेऊन गेले तेव्हा कुणी ती उघडलीही नाही. त्यांना हवी होती १९५९ च्या एका फेरफाराची झेरॉक्स, जी मला तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये तिसऱ्या खेपेला मिळाली होती. तीन प्रती काढून दिल्या. एक समाजमंदिरातल्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे, दुसरी वकिलाकडे गेली, आणि तिसरी घेऊन एक मुलगा माझ्यामागे एसटी स्टँडपर्यंत आला, त्यातली मोडी सही कुणाची ते विचारायला.